प्रॉपेलरची परीक्षा

मुलांनो, वर्गात डोक्यावर फिरणारा पंखा आणि छोट्या विमानाच्या नाकावर फिरणारा प्रॉपेलर यांत फरक काय? "एक वारा घालतो आणि दुसरा विमान ओढतो," असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे, पण गंमत बघा, दोघंही काम एकच करतात. हवेला ढकलतात. पंखा छताला घट्ट बांधलेला असतो, म्हणून हवा खाली येते आणि पंखा जागेवर राहतो. तो छताला बांधलेला नसता आणि पुरेसा हलका असता तर? तर तो हवेला खाली ढकलता ढकलता स्वतः वर गेला असता!

मग विमान बनवणाऱ्याने एखादा मोठा पंखा आणून इंजिनाला लावला की झालं? छे! घरी विमान बनवणारे लोक सांगतात, की इंजिन एकदाचं मिळतं, पण त्याला जोडीचा प्रॉपेलर शोधता शोधता नाकी नऊ येतात. हे मी लहानपणी जवळून पाहिलं आहे, ते आज तुम्हांला सांगते.

माझे मामा अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) सुतारकाम करायचे. दारं-खिडक्या नव्हे हं, ते पॅटर्न बनवायचे. म्हणजे काय, तर लोखंडाचा एखादा भाग ओतायचा असला की आधी तसाच लाकडाचा भाग बनवतात, तो वाळूत दाबून साचा तयार करतात आणि त्यात वितळलेलं लोखंड ओततात. एमआयडीसीतल्या कारखान्यांची अशी कामं मामांकडे यायची. लाकडात अर्ध्या मिलिमीटरचा फरक त्यांच्या बोटाला कळायचा.

१९९३ साली मी आठवीत होते. मामांच्या शेजारी एक इंजिनियर झालेला मुलगा राहायचा. त्याला आम्ही सगळी मुलं नुसतं 'दादा' म्हणायचो. एका बसण्याचं छोटं विमान बनवायचं त्याच्या डोक्यात होतं. भंगारातून त्याने राजदूत ३५० या मोटारसायकलचं इंजिन आणलं होतं. दोन सिलिंडर, तीस अश्वशक्तीच्या आसपास. ते लोखंडी घोडीवर बसवून तो मामांकडे आला आणि म्हणाला, "मामा, याला पंखा करून द्या."

मामा म्हणाले, "इंजिनियरसाहेब, देतो की. पण माप सांगा. मापाशिवाय मी कानसपण उचलत न्हाई."

झालं! इथूनच आमचा खरा अभ्यास सुरू झाला.

प्रॉपेलरची मुख्य मापं दोन. पहिलं म्हणजे व्यास, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी. दुसऱ्या मापाला 'पिच' म्हणतात. स्क्रू लाकडात फिरवला की दर फेऱ्याला तो ठरावीक अंतर आत जातो ना? तसाच प्रॉपेलर हवेचा स्क्रू आहे असं समजा. एका फेऱ्यात तो जितका पुढे जायला हवा, तो त्याचा पिच. त्यामुळे प्रॉपेलरवर '५२ × २६' असं लिहिलेलं असलं, तर व्यास ५२ इंच आणि पिच २६ इंच.

आता वही-पेन्सिल घ्या, आपण दादाचंच गणित करू. त्याचं इंजिन मिनिटाला ६५०० फेरे घ्यायचं. प्रॉपेलर इतका जोरात फिरवला तर काय होईल? ५२ इंच म्हणजे १.३२ मीटर. परीघ सुमारे ४.१५ मीटर. ६५०० फेऱ्यांना टोक मिनिटाला जवळजवळ २७,००० मीटर धावेल, म्हणजे सेकंदाला ४५० मीटर. आणि आवाजाचा वेग? सेकंदाला साधारण ३४० मीटर. टोक आवाजाच्या पुढे पळालं की हवा शिस्त सोडते. प्रॉपेलर कर्कश ओरडतो आणि इंजिनाची ताकद ढकलण्याऐवजी ओरडण्यात खर्च होते. म्हणून दादाने मध्ये एक लहान आणि एक मोठी पुली घालून पट्टा बसवला. इंजिनाचे अडीच फेरे झाले की प्रॉपेलरचा एक. ६५०० चे झाले २६००, आणि टोकाचा वेग आला सेकंदाला १८० मीटरवर. प्रॉपेलर शहाण्यासारखा वागायला लागला!

आता पिच. २६ इंच म्हणजे ६६ सेंटिमीटर. मिनिटाला २६०० फेरे, म्हणजे तासाला सुमारे १०३ किलोमीटर. पण हवा लाकडासारखी घट्ट नाही, तिच्यात स्क्रू थोडा घसरतो. म्हणून ताशी ऐंशीच्या आसपास उडणाऱ्या विमानाला हा पिच ठीक.

पिच जास्त ठेवला तर विमान जास्त वेगाने जाणार नाही का? मीही हेच विचारलं होतं. दादा म्हणाला, "औरंगाबादच्या रस्त्याला इमामपूरचा घाट लागतो. तो घाट मोटारसायकलने टॉप गिअरमध्ये चढून बघ!" जास्त पिच म्हणजे टॉप गिअर. इंजिन धापा टाकतं, फेरे धरत नाही आणि विमान जमिनीवरून उठतच नाही. अगदी कमी पिच म्हणजे पहिला गिअर. चढ मस्त चढेल, पण सपाटीवर इंजिन नुसतं किंचाळत राहील. मोटारसायकलला गिअर बदलता येतात. लाकडी प्रॉपेलरला मात्र जन्मभर एकच गिअर! म्हणून तो निवडायचा तर आधी आपल्या विमानाला विचारावं लागतं, "बाबा रे, तुला करायचंय काय? चढायचंय, की पळायचंय?"

हे कोडं पहिल्यांदा कुणी सोडवलं, माहीत आहे? राइट बंधूंनी. विल्बर आणि ऑर्व्हिल यांना वाटलं होतं, जहाजांचे पंखे तर केव्हापासून बनताहेत, त्यांचं शास्त्र वाचायचं आणि वापरायचं. पण तसं तयार शास्त्र त्यांना मिळालंच नाही. मग दोघं भाऊ वाद घालायला बसले. म्हणतात, की वाद इतके रंगायचे की शेवटी दोघांची मतं अदलाबदल झालेली असायची, आणि एकमत मात्र नाहीच! त्यातून त्यांना एक गोष्ट सुचली: प्रॉपेलर म्हणजे दुसरं तिसरं काही नसून गोल फिरणारा विमानाचा पंखच आहे. मग पंखांसाठी जमवलेली आकडेमोड त्यांनी प्रॉपेलरला लावली. स्प्रूस लाकडाचे, साडेआठ फूट व्यासाचे दोन प्रॉपेलर हाताने कोरले आणि सायकलसारख्या साखळ्यांनी इंजिनाला जोडले. इंजिन होतं जेमतेम १२ अश्वशक्तीचं. पण त्या प्रॉपेलरांनी इंजिनाची सुमारे तीन-चतुर्थांश ताकद कामी लावली. १७ डिसेंबर १९०३ रोजी विमान पहिल्यांदा १२ सेकंद उडालं, त्यात या लाकडाचा वाटा फार मोठा.

आता आमच्या कारखान्यात परत येऊ. मामांनी शिसमच्या वीस मिलिमीटर जाडीच्या पाच फळ्या निवडल्या. निवडायलाच दोन दिवस! प्रत्येक फळीची नस सरळ टोकापर्यंत गेलेली हवी, कुठे गाठ नको, चीर नको. फळ्या एकावर एक चिकटवल्या आणि शिकंज्यात आवळून ठेवल्या. एकाच जाड ओंडक्यातून का नाही कोरलं? कारण सलग ओंडका सुकताना एका बाजूला पिळतो. पाच फळ्या असल्या की एक इकडे ओढते, दुसरी तिकडे, आणि भांडणात प्रॉपेलर सरळ राहतो!

प्रॉपेलरचं पातं पिळलेलं असतं, हे तुम्ही पाहिलं असेल. मध्याजवळ जास्त तिरकं आणि टोकाकडे जवळजवळ सपाट. असं का? दर फेऱ्याला पुढे जायचं अंतर सगळ्यांना सारखंच, ६६ सेंटिमीटर. पण टोकाजवळच्या भागाला त्या वेळात मोठी चक्कर मारावी लागते, मधल्या भागाला लहान. म्हणून मध्यापासून २० सेंटिमीटरवर कोन येतो सुमारे २८ अंश आणि ५० सेंटिमीटरवर फक्त १२ अंश. दादाने असे कोन काढून पत्र्याचे फर्मे कापून दिले. मामा पटाशी मारायचे, रंधा फिरवायचे, फर्मा लावून बघायचे. फर्म्याखालून उजेड दिसला की पुन्हा रंधा. ते उजेड बघायचं काम माझ्याकडे होतं.

मग तोल. मधल्या भोकातून गुळगुळीत लोखंडी गज घातला आणि दोन धारदार पट्ट्यांवर ठेवला. जड पातं हळूच खाली जायचं. मामा हलक्या पात्याला व्हार्निशचा एक हात द्यायचे, वाळू द्यायचे, पुन्हा ठेवायचे. शेवटी प्रॉपेलर कसाही ठेवला तरी तसाच राहायला लागला. त्यानंतर इंजिनावर चढवून दुसरी तपासणी: टोकापाशी खुणेची काठी रोवायची आणि प्रॉपेलर हाताने फिरवायचा. दोन्ही टोकं काठीसमोरून एकाच रेषेत जायला हवीत. तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक मामांना मान्य नव्हता. अर्थात हे करताना स्पार्क प्लगच्या वायरी आधी काढून ठेवलेल्या असत.

दिवाळीच्या सुट्टीत, ऊस तुटून गेलेल्या एका रिकाम्या वावरात चाचणी झाली. इंजिनाची घोडी चाकांच्या गाड्यावर, गाडा दोराने मागच्या लिंबाच्या झाडाला बांधलेला, आणि दोराच्या मध्ये शंभर किलोचा ताणकाटा. प्रॉपेलर गाड्याला पुढे ओढणार आणि किती ओढतो ते काटा सांगणार. सोपी युक्ती आहे की नाही?

मामांचे नियम मात्र कडक. प्रॉपेलर फिरत असताना त्याच्या समोर किंवा त्याच्या बाजूच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, कारण काही तुटलं तर त्याच रेषेत उडतं. ओढणी, मफलर, सैल बाह्या चालणार नाहीत. आणि इंजिन बंद असलं तरी प्रॉपेलरला हात लावायचा नाही, तो 'जिवंत' आहे असंच समजायचं. मी दूर मागे, झाडाच्या आडून काटा वाचायला बसले होते.

दोन प्रॉपेलर बनवले होते. पहिल्याचा पिच ३० इंच. पूर्ण थ्रॉटल दिला तरी इंजिनाचा काटा ५६०० च्या पुढे जाईना. ताण आला ५८ किलो. दुसऱ्याचा पिच २६ इंच. इंजिन ६२०० वर गेलं आणि ताणकाट्यावर ६९ किलो! मी ओरडूनच आकडा सांगितला. इंजिन तेच, पेट्रोल तेच, माणसं तीच. फक्त लाकडाचा पीळ बदलला आणि ११ किलो जास्त मिळाले.

"पण ६५०० का नाही झाले?" मी विचारलं. दादा म्हणाला, "जमिनीवर ६५०० झाले असते तर वाईट झालं असतं." विमान उभं असताना प्रॉपेलरवरचा भार सर्वांत जास्त असतो. विमान धावायला लागलं की समोरून हवा येते, भार कमी होतो आणि इंजिनाचे फेरे वाढतात. म्हणून जमिनीवर थोडी जागा शिल्लक ठेवायची. आणि नुसता ताण मोजून निवड करायची नाही हेही त्याने बजावलं. उभ्याने जोरात ओढणारा प्रॉपेलर उडताना मंद निघू शकतो.

आणखी एक गोष्ट दादाच्या वहीत होती. नगर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंच आहे. वर उन्हाळ्यात ४० अंश तापमान! अशा दिवशी इथली हवा समुद्रकिनाऱ्यावरच्या १५ अंशांच्या हवेपेक्षा साधारण १५ टक्के विरळ असते. इंजिनालाही कमी हवा, प्रॉपेलरलाही कमी हवा. म्हणून चाचणीच्या आकड्याशेजारी तापमान लिहिलं नाही तर तो आकडा अर्धवट.

आता जे सांगायचं आहे ते पुढचंच.

२८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. १९९४ च्या त्या दिवशी आमच्या शाळेच्या मैदानावर इंजिन चालवून दाखवायचं ठरलं. मुलं, पालक, पाहुणे सगळे येणार होते. मी वर्गात आठ दिवस आधीपासून फुशारकी मारत होते. मधल्या महिन्यांत दादा रविवारी रविवारी इंजिन चालवून बघत होता, सगळं उत्तम होतं. आदल्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, मामा नेहमीप्रमाणे पाना घेऊन बोल्ट तपासायला बसले. पाना लावला आणि बोल्ट जवळजवळ पाऊण फेरा सहज फिरला. दुसराही तसाच.

मामांनी प्रॉपेलर उतरवला. मधला भाग, जो लोखंडी चकतीला टेकतो, तिथे लाकूड काळं पडलं होतं. मामांनी तो उजेडाकडे तिरका धरला. एका भोकापासून नसेच्या दिशेने केसासारखी रेघ गेली होती. बोटाएवढी लांब.

हे कसं झालं? लाकूड हवेतलं पाणी पितं आणि सोडतं. पावसाळ्यानंतर ते फुगलेलं होतं, तेव्हा बोल्ट आवळले. नंतर नगरची कोरडी थंडी आणि माघातलं ऊन, लाकूड आकसलं, बोल्ट तेवढेच राहिले. प्रॉपेलर खरं तर बोल्टांवर फिरत नाही. चकती आणि लाकूड एकमेकांवर घट्ट दाबले जातात, त्या पकडीवर फिरतो. पकड सुटली की लाकूड घासतं, जळून काळं होतं आणि बोल्ट भोकांना हातोड्यासारखे मारतात. म्हणूनच लाकडी प्रॉपेलरचे बोल्ट पहिल्यांदा चालवल्यावर, नंतर ठरावीक तासांनी आणि ऋतू बदलला की पुन्हा तपासायचे असतात.

दादा म्हणाला, "मामा, उद्या फक्त पाच मिनिटं चालवायचंय. तेही अर्ध्या थ्रॉटलवर. इपॉक्सी भरू, बोल्ट आवळू."

मामांनी त्यालाच गणित घातलं. एक पातं दीड किलोचं. त्याचा तोलबिंदू मध्यापासून पाव मीटरवर. पूर्ण वेगात ते बाहेर किती जोराने ओढतं? दादाने वहीत मांडलं आणि गप्प बसला. उत्तर आलं जवळजवळ पावणेतीन टन! पाच-सहा म्हशींच्या वजनाएवढं, एका पात्याला. अर्ध्या वेगात ते पाव होतं, तरी सातशे किलो.

"आणि शाळेची पोरं कुठं बसणार हायेत?" मामांनी विचारलं.

मग मामांनी करवत घेतली आणि प्रॉपेलरचे मधोमध दोन तुकडे केले. चार महिन्यांचं काम, आरशासारखं पॉलिश. मी रडले. दादा उठून गेला आणि दोन आठवडे बोलला नाही. मी मामांना म्हटलं, "नुसतं ठेवून दिलं असतं तरी चाललं असतं ना?" ते म्हणाले, "न्हाई पोरी. दिसायला चांगला हाये. उद्या मी नसलो तर कुणीतरी लावंल."

विज्ञान दिनाला इंजिन चाललं नाही. दादाने फळ्यावर तेच पावणेतीन टनांचं गणित मांडून दाखवलं आणि दोन्ही तुकडे मुलांच्या हातून फिरवले. काही मुलं हसली, काही म्हणाली, "फसलं!" पण चीर शोधायला मात्र रांग लागली होती.

पुढे वाचलं, की राइट बंधूंनाही हे चुकलं नव्हतं. नोव्हेंबर १९०३ च्या अखेरीस विमान तयार असताना त्यांना प्रॉपेलरच्या दांड्याला चीर दिसली. थंडी वाढत होती. तरी ऑर्व्हिल दांडे नव्याने बनवायला शेकडो मैल दूर डेटनला परत गेला. भरीव पोलादाचे नवे दांडे घेऊन आला आणि मग ते उडाले.

आमच्या नगरलाही या गोष्टीची मोठी परंपरा आहे, बरं का. इथली वाहन संशोधन व विकास संस्था, म्हणजे 'व्हीआरडीई', लष्करी गाड्यांसाठी प्रसिद्ध. पण 'निशांत' या चालकविरहित विमानाच्या भारतीय इंजिनातही तिचा वाटा आहे. हे वँकेल जातीचं इंजिन, त्यात दट्ट्याऐवजी तिकोनी चक्र फिरतं. वजन सुमारे ३० किलो आणि ताकद ५५ अश्वशक्ती! गाभा बनवला बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने, ठिणगीची आणि इंधनाची व्यवस्था केली नगरच्या संस्थेने. विमानाच्या पाठीमागचा प्रॉपेलर फिरवत हे इंजिन ५ एप्रिल २००९ रोजी कोलारजवळ पहिल्यांदा उडालं, ४० मिनिटं. त्याआधी जमिनीवर दीर्घ काळ चालवून त्याची कसून परीक्षा घेतली होती.

आणि कॅप्टन अमोल यादव तुम्हांला माहीत असतील. मुंबईला कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. २०१६ साली ते प्रदर्शनात सगळ्यांनी पाहिलं. चाचणी-उड्डाणाची सरकारी परवानगी मिळाली २०१९ साली. मधली वर्षं लोकांना दिसत नाहीत. विमान मात्र त्याच वर्षांत तयार होतं.

तुम्हांला करून बघायचंय? इंजिनाच्या वाटेला जाऊ नका. जाड कागदाची दोन पात्यांची भिरभिरी करा, खेळण्यातल्या मोटारीला आणि सेलला लावा. ती लहान गाड्यावर बसवून गाड्याला पातळ रबर बांधा आणि रबर किती ताणलं ते पट्टीने मोजा. पात्यांचा पीळ थोडा थोडा वाढवत जा. आधी ताण वाढेल, मग एका ठिकाणी कमी व्हायला लागेल. ती जागा शोधा. प्रत्येक वेळी आकडा लिहा आणि भिरभिरी उजेडाकडे तिरकी धरून बघायला विसरू नका.

दादाचं विमान कधी उडालं नाही. नोकरी लागली, तो परगावी गेला. जाताना एक अर्धा तुकडा त्याने नेला, दुसरा माझ्याकडे आहे. आता मी स्वतः मुलांना शिकवते. मुलं तो हातात घेतात, गुळगुळीत पाठीवरून बोट फिरवतात आणि विचारतात, "बाई, इतका चांगला प्रॉपेलर कुणी कापला?"

मी त्यांना खिडकीपाशी नेते.